हळदोण्याचे ट्रम्पेट

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी जुन्या चित्रपटगीतांची बैठक होती. अशा बैठकांचा एक ठरलेला शिरस्ता असतो. गाणे लावण्याआधी कोणीतरी जाणकार चित्रपटाचे साल, गीतकार, संगीतकार, गायक आणि जमल्यास राग असे सगळे सांगतो, मंडळी माना डोलावतात आणि मग गाणे सुरू होते. त्या संध्याकाळी 'अलबेला'तले एक नाचगाणे लागले. १९५१ साल, राजेंद्र कृष्ण, सी. रामचंद्र, मास्टर भगवान, गीता बाली. माहितीत कसलीही उणीव नव्हती. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत ट्रम्पेट आले आणि यजमानांच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने सहज विचारले, "हे वाजवतंय कोण?" जाणकारांनी चष्मा सारखा केला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "असेल कोणीतरी गोव्याचा. त्या काळी वाद्यवृंदात बहुतेक सगळे गोवेकरच असायचे." तिचे समाधान झाले असावे. चहा आला, बटाटेवडे आले आणि पुढचे गाणे लागले.

कोणीतरी गोव्याचा.

उत्तर चुकीचे नव्हते, आणि सांगणाऱ्याच्या स्वरात तुच्छताही नव्हती. तरीही ते पुढे कित्येक दिवस माझ्या मनात खुपत राहिले. आपल्याकडे गाण्याच्या बाबतीत नावाला किती महत्त्व! एखाद्या ठुमरीला तबल्याची साथ कोणाची यावरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत. पेटीवर गोविंदराव पटवर्धन होते की आणखी कोणी, हे केवळ कानांनी ओळखणारे रसिक महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतील. पण तोच कान ट्रम्पेटपाशी आला की 'कोणीतरी' म्हणून पुढे सरकतो. वास्तविक 'अलबेला'च्या बाबतीत हा माणूस लपून राहिलेलाही नाही. झालरीच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे कपडे घालून आपल्या बँडसह तो पडद्यावर चक्क दिसतो. त्याचे नाव चिक चॉकलेट.

हे अर्थातच आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. बारशाचे, म्हणजे बाप्तिस्म्याचे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. म्हापसा नदीच्या काठी वसलेल्या या गावात नदीकडे तोंड करून उभे असलेले सेंट थॉमसचे मोठे चर्च आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात अशा चर्चला जोडून एक शाळा असे आणि तिथे गावातल्या मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाण्याची विद्या, लहानपणीच घोटून घेतली जाई. शिकवणारा मेस्त. कडक शिस्तीचा, हातात छडी, आणि पाच ओळींवरचे काळे ठिपके वाचता आल्याशिवाय वाद्याला हात लावू न देणारा. मिस्सेला गाणारा कॉयर तयार व्हावा, लग्नात-फेस्तात वाजवणारी माणसे मिळावीत एवढाच त्यामागे चर्चचा हेतू. पण त्या शाळांनी एक गंमत करून ठेवली. ब्रिटिश हिंदुस्थानात जेव्हा लष्करी बँडना, संस्थानिकांच्या वाद्यवृंदांना, मूकपटांच्या थिएटरांना, जहाजांना आणि हॉटेलांना स्वरलिपी वाचणारे वादक हवे झाले, तेव्हा ते आयते तयार होते आणि गावात त्यांना पोटापाण्याचा उद्योग नव्हता.

मग मुंबई. धोबीतलावापासून माझगावपर्यंत गोव्यातल्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या गिरणगावातल्या खोल्यांशी त्यांचे जवळचे नाते सांगता येईल. गावाच्या नावाची एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने लोखंडी पेट्या, एका टोकाला मेणबत्त्यांनी उजळलेली वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. तिथे खलाशी असत, आचारी असत, शिंपी असत आणि बगलेत व्हायोलिनची किंवा ट्रम्पेटची पेटी धरून आलेले विशी-बाविशीचे पोरगेही असत. ट्रम्पेट हे काही शेजाऱ्यापाजाऱ्यांना न कळता रियाज करण्याचे वाद्य नव्हे. एका खोलीत वीस-तीस माणसे झोपत असताना या पोरांनी सराव कसा केला असेल, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

ट्रम्पेटशी आम्हा मराठी मुलांची ओळख व्हायची ती वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत. बँडवाल्यांचा लाल कोट, त्यावरची काळवंडलेली जर, पॅट्रोमॅक्सच्या बत्तीचा सूंऽऽ असा आवाज, आणि सगळ्यांत पुढे गाल फुगवून 'भोली सूरत'ची चाल वाजवणारा माणूस. मला त्या चालीपेक्षा तो माणूस पाहण्यात रस असे. गाणे संपले की तो वाद्य तिरके करून नळीची बारीकशी किल्ली दाबायचा आणि आतले पाणी रस्त्यावर टपटप गाळायचा. मग मुखनळीचा पेला काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा. त्याच्या वरच्या ओठावर, अगदी मधोमध, एक गोल वळ कायमचा उमटलेला होता. त्या वाद्याला दट्टे तीनच असतात. तीन बोटांनी साऱ्या सप्तकाचा हिशेब करायचा म्हणजे उरलेले काम ओठांनीच करायचे. बोटांची ठेवण तीच ठेवून ओठ किंचित आवळले की स्वर वर उडी घेतो, सैल सोडले की खाली येतो, आणि अंदाज केसभर चुकला की साऱ्या गल्लीला कळते. सतारीची तार किंवा पेटीची पट्टी वाजवणाऱ्याच्या बाहेर असते. इथे थरथरणारी वस्तू म्हणजे वाजवणाऱ्याचा स्वतःचा ओठ. तो फुटला, सुजला, म्हातारा झाला की वाद्य बाजारात कितीही उत्तम मिळो, उपयोग नाही. जॅझचा प्रख्यात अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याच्या ओठांवर तर अनेक वर्षांच्या वाजवण्याने व्रण झाले होते.

आर्मस्ट्राँगचे नाव आले ते बरेच झाले, कारण चिकच्या आयुष्यातून ते काढता येत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत १९०१ मध्ये जन्मलेल्या या माणसाने १९२८ सालच्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीलाच, बाकी सगळी वाद्ये गप्प असताना, एकट्या ट्रम्पेटने जी काही तान फेकली आहे ती ऐकून जगभरच्या ट्रम्पेटवाल्यांनी आपापली वाद्ये नव्याने हातात घेतली. मुंबईत तो पोहोचला तो रेकॉर्डींच्या वाटेने. चावीच्या ग्रामोफोनवर तीन मिनिटांची लाखेची तबकडी लावायची, एक तुकडा ऐकायचा, सुई उचलून मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचा. वेग कमी करून ऐकावे तर सूरही खाली उतरतो. गुरू समोर नाही, त्याचे ओठ दिसत नाहीत, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. तबकडी झिजेपर्यंत ऐकून स्वर हाताशी आले तरी ते कसे काढले हे प्रत्येकाने आपापल्या ओठांवर शोधायचे. त्या पिढीने आर्मस्ट्राँग शिकायचा तो असा.

त्यातल्या काहींना मात्र थेट तालीमही मिळाली. १९३५ मध्ये लिऑन ॲबे हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षांत ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तिथला बँड सांभाळला. (मुंबईसारख्या शहरात क्रिकेट नावाच्या माणसाची ओळख करून देताना किती गमती झाल्या असतील!) स्मिथ हा पहिल्या महायुद्धापूर्वीच न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण केलेला जुना, मुरलेला वादक होता. ही माणसे मायदेशातल्या वर्णभेदाला विटून युरोपात आणि आशियात वाजवत फिरत होती. ताजच्या त्या व्यासपीठावर फ्रँक फर्नांडसारखा कुडचड्याचा तरुण ट्रम्पेटवादक त्यांच्या शेजारी बसून वाजवू लागला. स्वरलिपी मेस्ताने शिकवली होती. पण लिहिलेला ठोका जरा मागे ओढून किंवा पुढे ढकलून वाजवायचा असतो, सूर काठावरून खरवडायचा असतो आणि कागद संपला की स्वतःचे सांगायचे असते, हे कळण्यासाठी बाजूला वाजवणारा माणूसच लागतो. आपल्या गाण्यातही बंदिश वहीत उतरवून घेता येते, तिची बढत गुरूपुढे बसूनच कळते.

या साऱ्या वातावरणात वाझचा चिक चॉकलेट झाला आणि चिक चॉकलेटचा 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग'. तो तसाच वाजवी, तशाच खरखरीत आवाजात गाई, हातात तसाच पांढरा रुमाल धरी. १९४५ च्या सुमारास त्याचा 'म्युझिक मेकर्स' हा बँड ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात लागला. आज तिथे ताजचा मनोरा उभा आहे. महायुद्धाचे दिवस, बंदरात सैनिकांनी भरलेली जहाजे, नाचायला उत्सुक असलेली गर्दी. पुढे तो ताजमध्येही वाजवू लागला आणि कोलंबिया कंपनीच्या तबकड्यांवरही आला. डिनर जॅकेट, बो, तेल लावून मागे फिरवलेले केस आणि समोर फॉक्सट्रॉटवर फिरणारी जोडपी. त्या जोडप्यांना आर्मस्ट्राँग हवा होता. न्यू ऑर्लिन्सचा मिळत नव्हता, तेव्हा हळदोण्याचा चालला.

हे वाक्य लिहिताना माझा सूर जरा कडवट झाला आहे याची मला जाणीव आहे. कारण नक्कल या प्रकाराबद्दल माझे मन कधीच एका बाजूचे होत नाही. बालगंधर्वांच्या नंतर दोन पिढ्या गावोगावच्या नटांनी त्यांच्यासारखे गाण्यात आयुष्य घालवले. प्रेक्षकांची मागणीच तशी होती. त्यांतल्या कित्येकांचा गळा स्वतंत्रपणे गोड होता, पण 'अगदी नारायणरावांसारखे' ही शाबासकी मिळाली की पुढचा रस्ता बंद होत असे. त्याच वेळी घराण्यात गुरूचा आवाजसुद्धा उचलणाऱ्या शिष्याला आपण तालीम पचवली म्हणून नावाजतो. मग चिकने जे केले ते कशात मोडते? त्याचा रुमाल ही नक्कल होती, यात शंका नाही. तो पोटासाठी केलेला वेश होता, आणि हॉटेलच्या नोकरीत असे वेश चढवावे लागतात. पण ओठांनी केलेली नक्कल ही निव्वळ नक्कल राहू शकत नाही, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. दुसऱ्याचा आवाज काढण्यासाठी ज्या मेहनतीने ओठ, श्वास आणि पोट तयार करावे लागते, ती मेहनत शेवटी ज्याची त्याची होते आणि तिच्यातून निघणारा सूरही. 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' या बिरुदाने चिकला गर्दी मिळवून दिली आणि चिकचे स्वतःचे काय हा प्रश्नही विचारेनासा केला.

स्वातंत्र्य आले, गोरे लोक गेले, नाचघरांतली गर्दी बदलली. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री कोरड्या पडल्या. बँड लगेच बंद पडले नाहीत, चिकही वाजवत राहिला, पण दिवसा ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत आणि रात्री हॉटेलात असा दुहेरी रतीब अनेक गोवेकर वादकांच्या नशिबी आला. त्यांना चित्रपटाची गरज होती, आणि चित्रपटाला त्यांची त्याहून अधिक. आपल्याकडचा संगीतकार हार्मोनियमवर बसून चाल बांधी, पण ती चाळीस-पन्नास वादकांनी एकाच वेळी वाजवायची तर कोणी काय वाजवायचे हे कागदावर उतरवणारा माणूस हवा. व्हायोलिनचा पार्ट वेगळा, क्लॅरिनेटचा वेगळा, ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा वेगळा, आणि सगळे मिळून एक झाले पाहिजे. हे काम बहुतांशी गोवेकर करत. श्रेयनामावलीत आले तर त्यांचे नाव 'सहायक' म्हणून येई.

चिक हा सी. रामचंद्रांचा असा सहायक होता. पुढे मदनमोहन यांच्याकडेही त्याने ते काम केले. पुणतांब्यात जन्मलेला, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेला चितळकरांचा राम आणि हळदोण्याच्या चर्चशाळेतून आलेला वाझांचा आंतोनियो यांनी एका खोलीत बसून काय बोलणे केले असेल, याची कल्पना करायला मला फार आवडते. एक गाऊन दाखवणारा, दुसरा लिहून घेणारा. एकाला स्वरलिपीची सवय नाही, दुसऱ्याला रागाची. मग कधीतरी रामचंद्र म्हणत असतील की इथे मला काहीतरी उसळणारे पाहिजे, आणि चिक ट्रम्पेट उचलून दोन-तीन तऱ्हा वाजवून दाखवत असेल. त्यांतली एक ठरली की ती कोणाची? चाल रामचंद्रांची हे उघडच आहे, आणि त्या मोकळ्या, खट्याळ, पायात ताल घालणाऱ्या चाली बांधणारा दुसरा माणूस त्या काळात नव्हता, असे माझे ठाम मत आहे. तरीसुद्धा 'शहनाई'पासून 'आशा'पर्यंत ज्या पाश्चात्त्य थाटाबद्दल आपण अण्णांचे, म्हणजे रामचंद्रांचे, कौतुक करतो, त्यातला काही वाटा दुसऱ्याच्या खात्यावर मांडावा लागेल, हे मराठी माणूस म्हणून मान्य करताना मला थोडे जड जाते. नेमका किती वाटा, हे कागदोपत्री कुठेच नाही, आणि त्यामुळे मन सोयीस्करपणे सगळा जमाखर्च एकाच नावावर टाकते.

तबकडीवरच्या गोल कागदावर तरी जागा किती? चित्रपट, गायक, संगीतकार, फार तर गीतकार. वादकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे पैसे मिळत आणि व्यवहार तिथे संपे. ते ध्वनिमुद्रणही असे की सारे एका वेळी वाजवणार, मोजकेच माइक, आणि ट्रम्पेटचा आवाज मोठा म्हणून ट्रम्पेटवाला माइकपासून सगळ्यांत लांब, भिंतीजवळ उभा. शेवटच्या कडव्यात कोणाची चूक झाली की गाणे पुन्हा पहिल्यापासून. दुपारच्या त्या दमट खोलीत पंखेही बंद, कारण त्यांचा आवाज माइक उचलतो. आठव्या-नवव्या वेळी तोच पीस त्याच उसळीने वाजवायचा, सूजलेल्या ओठांनी, आणि नंतर टॅक्सी करून हॉटेल गाठायचे, कपडे बदलायचे आणि रुमाल हातात घेऊन आर्मस्ट्राँग व्हायचे. 'अलबेला'तल्या त्या झालरीवाल्या बाह्या मी अलीकडे पुन्हा पाहिल्या. कॅमेरा अर्थात भगवान आणि गीता बाली यांच्यासाठी लावलेला आहे. बँड मागे, सजावटीचा भाग म्हणून. पण चिक वाद्य उचलतो ते छातीपासून, झटक्याने, नळीचे तोंड वर करून, आणि त्या एका हालचालीत हे लक्षात येते की या चौकटीत उसने अवसान न आणता उभा असलेला तो एकटाच आहे. बाकी सगळे नट आहेत.

१९६४ मध्ये आर्मस्ट्राँग स्वतः भारताच्या दौऱ्यावर आला. चिक तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि ज्याच्या नावावर आपण वीस वर्षे ओळखले गेलो तो माणूस याच हवेत श्वास घेतो आहे, ही गोष्ट त्याला कशी वाटली असेल? अभिमान तर नक्कीच. पण प्रतिरूप म्हणून जगलेल्या माणसाला मूळ रूपापुढे उभे राहताना आणखीही काही वाटत असणार, आणि ते बोलून दाखवण्याची रीत हॉटेलच्या बँडमास्तरांत नव्हती. तीनच वर्षांनी, १९६७ च्या मे महिन्यात, चिक मुंबईत गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. आर्मस्ट्राँग त्यानंतर चार वर्षे होता. 'इंडियाज आर्मस्ट्राँग' हा शिक्का मात्र चिकच्या नावापुढे अजून तसाच आहे आणि त्याच्यावर लिहिणारा प्रत्येक जण, माझ्यासकट, तिथूनच सुरुवात करतो.

या शिक्क्यावर माझ्याकडे एक उतारा आहे. 'अलबेला' आला त्याच वर्षी, १९५१ मध्ये, देव आनंद आणि मधुबालाचा 'नादान' नावाचा चित्रपट आला होता. तो आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. त्याचा संगीतकार म्हणून नाव आहे चिक चॉकलेट. सहायक नव्हे, संगीतकार. त्यात तलत महमूदने गायलेले 'आ तेरी तस्वीर बना लूँ' हे गाणे आहे. तलतचे गाणे ज्यांच्या घरात लागत असे त्यांनी ते कित्येकदा ऐकलेले असते आणि सहसा ते अनिल विश्वास किंवा मदनमोहन यांच्या खात्यावर जमा करून टाकलेले असते. गाणे संथ आहे, हळवे आहे, आणि चाल तलतच्या आवाजातला तो प्रसिद्ध कंप सांभाळत, त्याला कुठेही धक्का न लावता पुढे जाते. ग्रीन्सच्या नाचघरात घामाघूम होऊन वाजवणाऱ्या, रुमाल फडकवणाऱ्या माणसाची ही चाल आहे हे सांगितले तर निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. माझ्या ओळखीचे एक पक्के मदनमोहनभक्त तर वादाला उभे राहिले. त्यांचे म्हणणे, ट्रम्पेटवाल्याला इतके हळू बोलता येणे शक्य नाही. मी त्यांना ओठांविषयी सांगायला लागलो, की मोठा आवाज कोणीही काढील, खरा कस लागतो तो हळू वाजवताना सूर तुटू न देण्यात. पण तोवर त्यांनी गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले होते आणि डोळे मिटून ते ऐकत होते, म्हणून मी गप्प बसलो.